एका रात्रीचा अतिथी

हावडा स्थानकातून मध्यरात्रीच्या सुमारास सुटणारी चक्रधरपूरची गाडी सकाळी पुरुलियाला पोहोचते. हिवाळ्यातल्या शुक्रवारी या गाडीत पाठीवर भल्यामोठ्या सॅक घेतलेली तरुण मंडळी हटकून दिसतात. सामानात तंबू, गुंडाळलेल्या स्लीपिंग बॅगा, चहासाखरेच्या पुड्या, एखादी गिटार. पुरुलियाहून ही मंडळी अजोध्या डोंगररांगेकडे जातात आणि मुरुगुमा किंवा खैराबेडा यांसारख्या एखाद्या जलाशयाच्या काठी तंबू ठोकतात. शनिवारची रात्र पाण्याजवळ जाते आणि रविवारच्या रात्री परतीची गाडी. एका रात्रीसाठी दोन रात्री रेल्वेत काढणाऱ्या या मंडळींना तिथे काय आहे असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर एकच असते: तिथे कोणी नाही. बंगालीला आणि मराठीला समाईक असलेला ‘निर्जन’ हा शब्द या उत्तराच्या मुळाशी आहे, आणि सगळा नैतिक पेच त्या शब्दातच दडलेला आहे.

ज्या जागी माणूस एकच रात्र राहतो तिच्याशी त्याचे नाते कोणते? मालकाचे नाही, रहिवाशाचे नाही, हे उघड आहे. पण म्हणून काहीच नाही, असे म्हणता येईल काय? मुक्काम अल्प असल्याने जबाबदारीही अल्प होते, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की तिची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. ‘एक रात्र तर राहायचे आहे’ हे वाक्य धर्मशाळेच्या ओसरीवर जितके ऐकू येते तितकेच तलावाच्या काठी. ओसरीवर ते विनंतीच्या सुरात येते. तलावाच्या काठी ते बहुधा सबबीच्या सुरात येते.

भारतीय परंपरेने या एका रात्रीचा विचार केलेला नाही असे नाही. उलट तिने अतिथीची व्याख्याच रात्रीच्या मापाने केली. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात एकच रात्र राहणाऱ्याला अतिथी म्हटले आहे, कारण त्याची स्थिती नित्य नाही. त्याच गावचा रहिवासी अतिथी ठरत नाही. सायंकाळी आलेल्या अतिथीला परत पाठवू नये असेही तिथे सांगितले आहे आणि त्याच्यासाठी ‘सूर्योढ’ असा सुंदर शब्द योजिला आहे: मावळत्या सूर्याने आणून सोडलेला. संन्याशाला गावात एक रात्र, नगरात फार तर पाच, असा दंडक धर्मशास्त्रीय ग्रंथांतून वारंवार येतो. मराठी म्हणीतला पाहुणाही पहिल्या दिवशीच पाहुणा असतो. तिसऱ्या दिवशीही तो हलला नाही, तर म्हण थेट त्याची अक्कल काढते.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. मनूचा अतिथी ब्राह्मण आहे. ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय तिथे अतिथी ठरत नाही, आणि वैश्य-शूद्रांना नोकरांबरोबर जेवू घालावे अशी तरतूद आहे. म्हणजे आतिथ्याचे दार कोणासाठी किती उघडावे हे आधीच ठरलेले होते. तथापि, या सदोष व्यवस्थेनेही एक गोष्ट गृहीत धरली होती, आणि ती आजच्या तंबूवाल्याच्या मनातून निसटली आहे. अतिथी म्हटला की यजमान आलाच. कोणीतरी दार उघडायचे असते, पाय धुवायला पाणी द्यायचे असते आणि त्या रात्रीपुरती आपली झोपमोड करून घ्यायची असते. ‘तिथे कोणी नाही’ असे म्हणणारा मनुष्य प्रथम यजमानाला पुसून टाकतो आणि मगच त्याच्या अंगणात उतरतो.

कोलकात्याच्या साहित्यात या पुसून टाकण्याचा इतिहास जुना आहे. हवापालटासाठी पश्चिमेला जाण्याची, मधुपूर, गिरिडीह, देवघर, शिमुलतला येथे दिवस काढण्याची रीत तिथल्या भद्रलोकांत पिढ्यान्‌पिढ्या होती. बंकिमचंद्रांचे वडील बंधू संजीवचंद्र चट्टोपाध्याय सरकारी नोकरीनिमित्त पलामूला राहिले होते. १८८० नंतरच्या काळात ‘बंगदर्शन’मधून आलेले त्यांचे ‘पलामू’ बंगाली प्रवासलेखनाचा एक आरंभबिंदू मानले जाते. पुढे सत्यजित राय यांच्या ‘अरण्येर दिनरात्रि’ (१९७०) या चित्रपटातले चार तरुण मोटारीने अरण्याकडे निघतात, तेव्हा वाटेत हेच पुस्तक वाचतात. सुनील गंगोपाध्याय यांच्या मूळ कादंबरीत ही मंडळी धालभूमगढला जातात. राय यांनी त्यांना पलामूला नेले आणि त्यायोगे शंभर वर्षांचे एक वाचन त्यांच्या हाती दिले. अरण्य पाहण्याआधी त्यांनी ते वाचलेले आहे. २०२५ च्या मे महिन्यात या चित्रपटाची जीर्णोद्धारित प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा त्याच्या संवादांतील नर्मविनोदाची आणि सहलीतल्या खेळाच्या प्रसंगाची पुन्हा वाखाणणी झाली. ती योग्यच होती. पण चित्रपटाचे नैतिक केंद्र त्या खेळात नाही.

हे चौघे ज्या विश्रामगृहात उतरतात तिथे राहण्याचा परवाना त्यांच्याजवळ नाही. चौकीदार अडवतो, नोकरी जाईल म्हणतो. त्याच्या हातावर पैसे ठेवले जातात आणि दार उघडते. पुढचे दिवस चौकीदार त्यांच्या हाका ऐकत वावरतो. त्याची बायको आजारी आहे हे तो बोलूनही गेलेला असतो, पण ते कोणाच्या कानी राहत नाही. अखेरीस अपर्णा ही तरुणी असीमला त्या आजारी बाईची खोली दाखवते. खिडकीतून आत नजर टाकेपर्यंत, जिच्या नवऱ्याला लाच देऊन आपण हे ‘निर्जन’ विकत घेतले ती बाई काही पावलांवर तापाने पडलेली आहे, याचा असीमला पत्ता नसतो. अपर्णा त्याला उपदेश करत नाही. पाहिले होते काय, एवढाच तिच्या वागण्याचा आशय आहे. असीमचा चेहरा त्या क्षणी उतरतो, तो पकडले गेल्यामुळे नव्हे. स्वतःविषयीची एक प्रतिमा त्याच्याकडून हरवते. आधुनिक भारतीय कलेत अतिथिधर्माच्या भंगाचे याहून नेमके चित्र सहसा आढळत नाही.

इथे थांबता आले असते तर प्रश्न सोपा झाला असता. दोष न पाहण्याचा आहे. तेव्हा पाहावे, चौकीदाराचे नाव विचारावे, आजारी बाईसाठी औषध आणावे, की झाले. सुशिक्षित वाचकाला हे उत्तर आवडण्याजोगे आहे, कारण त्यात त्याला काही सोडावे लागत नाही. या उत्तराला आव्हान देणारे पुस्तक मात्र चित्रपटाच्या तीस वर्षे आधीच लिहून झाले होते.

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांचे ‘आरण्यक’ १९३९ मध्ये पुस्तकरूपाने आले. भागलपूरकडच्या एका जमीनदारी इस्टेटीवर लेखकाने स्वतः केलेल्या नोकरीचा अनुभव त्यामागे आहे. निवेदक सत्यचरण हा कोलकात्यातला सुशिक्षित बेकार. मित्राच्या घराण्याच्या मालकीचे हजारो बिघ्यांचे रान असते, आणि ते तोडून कुळांना पट्ट्याने देण्याच्या कामावर त्याची नेमणूक होते. आरंभी त्याला तिथे करमत नाही, शहराच्या ओढीने जीव कासावीस होतो. मग हळूहळू रान त्याला आपलेसे करते. लवटुलिया, नाढा बैहार, फुलकिया ही नावे तो जपमाळेसारखी उच्चारू लागतो, आणि या सगळ्यात त्याचा जीव जडतो तो सरस्वती कुंडी या तलावावर. गर्द झाडीने वेढलेले, पाखरांनी भरलेले, चांदण्या रात्री पऱ्या उतरतात अशी ख्याती असलेले हे पाणी म्हणजे पुस्तकाचे हृदयस्थान आहे.

सत्यचरणाला न पाहण्याचा दोष लावता येत नाही. कोण उपाशी आहे, कोणाला भात सणासुदीलाच मिळतो, कोणाची मुले थंडीत गवताच्या गंजीत शिरून झोपतात, हे सर्व त्याला दिसते आणि तो ते हळुवारपणे नोंदवतो. राज्य गमावलेल्या वृद्ध आदिवासी राजा दोबरू पन्नासमोर तो नम्र होतो. अपर्णेने असीमला जे दाखवले ते सत्यचरण आपणहून पाहतो. आणि पाहत असतानाच पट्ट्यांवर सही करत जातो. त्याचे प्रेम खरे आहे आणि त्याची नोकरीही खरी आहे. रानाचे तुकडे पडत जातात, झोपड्या आणि मक्याची शेते उभी राहतात. सरस्वती कुंडीचा काठ जितका लांबवता येईल तितका वाचवावा अशी त्याची धडपड असते, पण हे थोड्या दिवसांचे आहे हे तोही जाणून असतो. निरोपाच्या वेळी तो अरण्यातल्या प्राचीन देवतांची क्षमा मागतो.

ही क्षमायाचना पुष्कळ समीक्षकांना हृद्य वाटली आहे. ती हृद्य आहेच. पण तिच्यात एक अडचण आहे. क्षमा मागणारा कोलकात्याला परत जाणार आहे, तिथे बसून तो या सर्वांचे पुस्तक करणार आहे, आणि त्या पुस्तकाचे सौंदर्य ज्या वनश्रीवर उभे आहे ती त्याच्याच सहीने गेली आहे. विभूतिभूषणांचे मोठेपण असे की त्यांनी ही अडचण लपवली नाही. सत्यचरणाला त्यांनी खलनायक केले नाही आणि निर्दोषही सोडले नाही. भूमिहीन कुळांना जमीन मिळाली हेही त्यांच्या पुस्तकात आहे, आणि ज्याचे पोट भरले त्याच्या दृष्टीने सरस्वती कुंडीच्या पऱ्यांची किंमत काय, हा प्रश्न तिथे उत्तराविना उभा आहे. अरण्य तुटल्याचा विलाप करणाऱ्यांनी या कुळांना विसरू नये. तेही यजमानच होऊ घातले होते.

याच तलावाकाठी युगलप्रसाद भेटतो. हा गरीब मनुष्य कुठून कुठून रानफुलांच्या वेली आणि बी आणून सरस्वती कुंडीच्या काठी लावत असतो. जमीन त्याची नाही, फुलांतून मिळकत नाही, पाहायलाही तिथे फारसे कोणी येत नाही. सत्यचरण त्याचा सोबती होतो आणि लांबून बी मागवून देतो. परंतु दोघांत फरक राहतोच. सत्यचरणाला तलावाकडून काही हवे असते: शांती, चांदणे, आठवण. युगलप्रसाद तिथे येतो तो काही ठेवण्यासाठी. पाहुण्याने रिकाम्या हाताने येऊ नये हा जुना संकेत पाळणारा संपूर्ण पुस्तकातला हा कदाचित एकच मनुष्य, आणि पाहुणा म्हणवून घेण्याची त्याला कधी गरज पडलेली नाही.

आता पुन्हा पुरुलियाच्या पाण्याकडे वळता येईल. अजोध्या डोंगरावर पर्यटक ज्यांना हौसेने वरचा तलाव आणि खालचा तलाव म्हणतात, ते २००७-०८ च्या सुमारास सुरू झालेल्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाचे जलाशय आहेत. प्रकल्पाची क्षमता ९०० मेगावॉट. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी पंपांनी वर चढवायचे आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज करायची, असा हा खेळ आहे. कोलकात्यात संध्याकाळी दिवे लागतात त्यात या पाण्याचाही वाटा असतो. शहर मागे टाकून आलो अशा समाधानात काठावर बसलेला मनुष्य वस्तुतः शहराच्याच एका पाणसाठ्याशेजारी बसलेला असतो. ज्या डोंगराला तो निर्जन म्हणतो त्या डोंगरावर बुद्धपौर्णिमेला दूरदूरच्या संथाळांचा मेळा परंपरेने शिकारीसाठी जमत आला आहे, आणि त्याच मेळ्यात रात्री बसून समाजातले तंटे तोडण्याची त्यांची रीत आहे. डोंगरावर रात्र काढणे हा त्यांच्या लेखी न्यायनिवाड्याचा भाग आहे.

महाराष्ट्राला हे चित्र परके नाही. पुण्या-मुंबईची तरुणाई तंबू घेऊन मुळशीच्या आणि पवनेच्या काठी जाते. मुळशीच्या त्या पाण्याखाली गावे आहेत. टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, कारावास भोगला, आणि तरीही धरण झाले. ते पाणी आजही भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे उतरते आणि त्याची वीज मुंबईला जाते. काठावरच्या शेकोटीच्या उजेडात हे दिसण्याचे काही कारण नाही. भंडारा-गोंदियाकडचे तलावही असेच. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे मराठी वाचकाला प्रिय झालेला नवेगावबांध हा निसर्गाने घडवलेला नाही. कोहळी समाजाच्या कसबी हातांनी तो बांधला. चितमपल्लींनी आपल्या पुस्तकाला ‘नवेगावबांधचे दिवस’ असे नाव दिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दिवस हा रहिवाशाचा शब्द आहे. नोकरीने का होईना, ज्याला तिथे राहावे लागले, ज्याने वाटाड्यांकडून पाखरांची नावे शिकून घेतली, तो आपल्या मुक्कामाला रात्रींनी मोजत नाही.

मग रात्रीचे काय? ती निव्वळ हौस आहे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. दिवसा आलेला मनुष्य प्रेक्षक असतो. काठावर उभा राहतो, पाहतो आणि निघून जातो. रात्र त्याला जागेच्या हवाली करते. थंडी, अंधार, पाण्याचा आवाज, दुरून आलेली ओरड यांपुढे त्याचे शहाणपण लहान होते, आणि हे लहान होणे शहरातल्या माणसाला क्वचितच लाभते. आशुतोष मुखर्जींचे चिरंजीव उमाप्रसाद मुखोपाध्याय आयुष्यभर हिमालयात पायी हिंडले. चंब्याच्या डोंगरांत सुमारे ४,००० मीटर उंचीवर असलेल्या मणिमहेश सरोवराचे नाव धारण करणाऱ्या त्यांच्या प्रवासग्रंथाला १९७१ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. त्या सरोवरी यात्रेकरू शतकानुशतके जात आले आहेत. उघड्यावर कुडकुडत रात्र काढायची आणि पहाटे गार पाण्यात उतरायचे, यात हौस नसते असे नाही, पण आपण कोणाच्या तरी दारी आलो आहोत ही जाणीव असते. सूर्योढ अतिथी आणि आजचा तंबूवाला यांत भेद इथे पडतो. पहिल्याला मावळत्या सूर्याने आणून सोडले होते. दुसरा आठवडाभर आधी आरक्षण करून स्वतःला सूर्यास्तापर्यंत आणून सोडतो. त्याची असहायता हौसेची आहे. तरीही ती अगदीच खोटी म्हणता येत नाही, कारण थंडी दोघांनाही सारखीच लागते.

उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये उंचावरच्या बुग्यालांत, म्हणजे हिमालयातल्या गवताळ कुरणांत, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि तिथे जाणाऱ्यांची संख्या दिवसाला २०० पर्यंत सीमित केली. कोलकात्याच्या भ्रमणमंडळींना प्रिय असलेली रूपकुंड सरोवराची वाट याच कुरणांतून जाते. बंदीमागची कारणे समजण्यासारखी आहेत. त्या उंचीवर गवत वाढायला वर्षातले थोडेच महिने मिळतात. एकाच जागी रात्रीमागून रात्र तंबू पडले की त्याखालची माती उघडी पडते, आणि शेकडो माणसांचा मैला-कचरा उताराने पाण्याकडेच जातो. प्रत्येकाने एकच रात्र काढलेली असते. कुरणाने मात्र सर्वांच्या रात्री सोसलेल्या असतात. अतिथीच्या प्राचीन व्याख्येत हा हिशेब नव्हता, कारण एका दारी शंभर अतिथी रोज येतील अशी कल्पना तेव्हा कोणी केली नव्हती. ‘एक रात्र तर राहायचे आहे’ या सबबीला तिथल्या उघड्या पडलेल्या मातीने उत्तर दिले आहे.

न्यायालयाचा निर्णय योग्य होता असेच म्हणावे लागते. पण त्याची किंमत कोणी मोजली हेही सांगायला हवे. वाटाडे, हमाल, खेचरवाले, पायथ्याच्या गावांत जेवण रांधून देणाऱ्या बाया यांची मिळकत त्या मुक्कामांवर होती. कोलकात्याच्या तरुणाला दुसरी वाट सापडते. त्यांना गाव बदलता येत नाही. असीमने जे पाहिले नाही ते धोरणांतही पुष्कळदा पाहायचे राहून जाते. यजमानाच्या अंगणात गर्दी झाली म्हणून पाहुण्यांना मज्जाव करताना यजमानाला विचारलेले नसते, आणि गर्दी होऊ दिली तेव्हाही विचारलेले नव्हते.

‘आरण्यक’मध्ये टाँडबारो नावाचा एक देव आहे. रानरेड्यांचा हा रक्षक, शिकाऱ्यांनी त्यांच्यासाठी खणलेल्या खड्ड्याकाठी अंधारात उभा राहतो आणि हात वर करून कळपाला मागे फिरवतो, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. कोलकात्याला परतल्यावर एकदा सत्यचरणाला रस्त्यात एक गाडीवान आपल्या रेड्याला निर्दयपणे मारताना दिसतो. त्याला टाँडबारो आठवतो, आणि या नगरीत त्या देवाचा हात पोहोचणार नाही हेही कळते. पुस्तकाचा आरंभही कोलकात्यातच होतो. किल्ल्याजवळच्या मैदानावर संध्याकाळी बदामाच्या झाडाशेजारी सत्यचरण बसला आहे. समोरच्या जमिनीचा चढउतार पाहून क्षणभर त्याला भास होतो की आपण सरस्वती कुंडीच्या काठी आहोत. तेवढ्यात पलाशी गेटच्या रस्त्यावरून मोटारीचा भोंगा वाजतो.